निवाडा अल्लाहचा, जबाबदारी आपली

एखाद्याने स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला की मोहल्ल्यात लगेच म्हटले जाते, ‘त्याचे ईमानच कच्चे होते.’ वाचक बंधू-भगिनींनो, हा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हा प्रश्न आपल्या शहराच्या न्यायालयासमोरही आला होता. मुंबई पोलीस दलातील एका शिपायाच्या डोक्याला १९८१ साली अपघातात मार लागला आणि पुढे त्याला मानसिक आजार जडला. १९८५ मध्ये त्याने महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर जीव देण्याचा प्रयत्न केला; त्याच्यावर खटला भरला गेला. १९८६ मध्ये न्या. पी. बी. सावंत व न्या. बी. जी. कोळसे पाटील यांनी अशा प्रयत्नाला शिक्षा देणारे कलम ३०९ घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते पुन्हा वैध मानले. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, असा मनुष्य तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर सोपविले.

त्या शिपायाच्या डोक्याची जखम दिसणारी होती. नैराश्याची दिसत नाही. तरीही मेंदूच्या एमआरआय अभ्यासांत नैराश्य व आत्महत्येचे प्रयत्न यांच्याशी निगडित सूक्ष्म फरक आढळले आहेत, विशेषतः आवेग आवरणाऱ्या, कपाळामागील भागात. मात्र हे फरक अनेकांच्या सरासरीतले आहेत. एका व्यक्तीचा मेंदू तपासून तिचे भवितव्य सांगता येत नाही.

मग दोष मेंदूचा म्हणून गुनाह उरतच नाही काय? तसे नाही. सूरह निसाच्या २९ व्या आयतीत स्वतःचा जीव घेण्यास मनाई आहे आणि तेथेच अल्लाहच्या दयेचे स्मरणही आहे. कृत्य हराम, यात शंका नाही. परंतु शरीयतची जबाबदारी अक्लवर अवलंबून आहे. अक्ल हरपलेल्यावरून लेखणी उचलली जाते, असे हदीस सांगते. त्या क्षणी कोणाची अक्ल किती शाबूत होती, हे केवळ अल्लाह जाणतो.

सहीह मुस्लिममध्ये एक घटना आहे. हिजरत करून मदीनेला आलेल्या एकाने आजार असह्य होऊन स्वतःचा जीव घेतला. त्याचे साथी तुफैल बिन अम्र (रजि.) यांना तो स्वप्नात दिसला. हिजरतीमुळे त्याला क्षमा मिळाली होती, पण त्याचे हात झाकलेले होते. हे ऐकून प्रेषितांनी (स.) त्या हातांसाठीही क्षमेची दुआ केली. कृत्य योग्य ठरले नाही, पण माणूस दुआबाहेर गेला नाही. म्हणूनच इमाम अबू हनीफा व इमाम शाफई (रह.) यांच्या मते अशा व्यक्तीचीही जनाज़ाची नमाज अदा केली जाते.

निवाडा आपला नाही. उपचार मात्र आपल्या हाती आहेत. अल्लाहने प्रत्येक आजारासोबत इलाजही उतरविला, ही प्रेषितांची (स.) शिकवण मनाच्या आजारालाही लागू आहे. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी अबू ज़ैद अल-बल्खी यांनी, काही उदासी बाह्य कारणाशिवाय शरीरातूनच उद्भवते, असे लिहून ठेवले. तेव्हा घरातील कोणी अबोल झाले, जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलू लागले, तर वाझ सुनावू नका. जवळ बसा, स्पष्टपणे विचारा, एकटे सोडू नका. परळचे केईएम किंवा भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय दूर नाही. शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे. दुआ चालू ठेवा आणि दवाही.

अल्लाह आपल्या जिभांना नरमाई आणि दुःखी मनांना शिफा देवो. आमीन.