हरमची पवित्रता आणि बहिणीचा वाटा

मेहरूणच्या आमच्या मशिदीत नमाजला उभे राहिले की तोंड पश्चिमेकडे, पण किंचित उत्तरेला कललेले असते. जळगाव सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मक्का २१ अंश २५ मिनिटांवर. म्हणजे दोन्ही शहरे जवळजवळ एकाच रेषेत येतात. दरवर्षी २८ मेच्या सुमारास, आपल्याकडे दुपारचे २ वाजून ४८ मिनिटे झालेली असताना, सूर्य काबागृहाच्या बरोबर माथ्यावर असतो. त्या क्षणी खानदेशच्या उन्हात काठी उभी रोवली, तर तिच्या सावलीच्या नेमक्या उलट दिशेला किब्ला असतो. दिशा ठरवणे इतके सोपे आहे. अवघड आहे ते त्या दिशेला तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाचे आचरण.

काही दिवसांपूर्वी हजला निघालेले एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. एहरामची रीत त्यांनी विचारली, तवाफच्या दुआ लिहून घेतल्या. उठता उठता म्हणाले, "मौलाना, हज करून माणूस नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा निष्पाप होऊन परततो ना?" मी म्हणालो, "होय चाचा, ज्याचा हज निर्मळ असेल त्याच्यासाठी हदीसमध्ये तशी शुभवार्ता आहे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "वडिलांच्या केळीच्या बागेत बहिणीचा वाटा होता. तिने मागितला नाही, आम्ही दिला नाही. तेही माफ होईल ना?"

मी क्षणभर निरुत्तर झालो. पवित्र भूमी माणसाला पवित्र करते काय, हाच त्यांच्या बोलण्यातला खरा प्रश्न होता.

मक्केचे महात्म्य कशात आहे ते आधी पाहू. डोंगरांच्या मधोमध असलेले ते एक रूक्ष खोरे. तापीकाठच्या काळ्या मातीसारखी तेथे सुपीक जमीन नाही, बारमाही नदी नाही. जेथे पीक उगवत नाही अशा खोऱ्यात आपण आपली संतती वसवली आहे, असे खुद्द हजरत इब्राहीम (अलै.) आपल्या प्रार्थनेत म्हणतात (सूरह इब्राहीम, १४:३७). त्या शहरासाठी त्यांनी शांतता मागितली आणि तेथील रहिवाशांसाठी अन्न मागितले. तेव्हा मक्केचा मान मातीच्या गुणामुळे नाही. अल्लाहने तिला निवडले म्हणून आहे. १६३० साली आलेल्या पुरात काबागृहाच्या भिंती कोसळल्या आणि सुलतान मुराद चौथा याच्या कारकिर्दीत त्या पुन्हा उभारल्या गेल्या. दगड पुन्हा रचले गेले, किब्ला मात्र तोच राहिला. हजरे अस्वदचे चुंबन घेताना हजरत उमर (रजि.) यांनी स्पष्ट सांगितले होते की, हा दगड आहे, तो लाभही देत नाही आणि हानीही करत नाही, प्रेषितांना (स.) तसे करताना पाहिले म्हणूनच आपण ते करतो.

हिजरतनंतर सोळा-सतरा महिने मुस्लिमांचा किब्ला बैतुल मुकद्दस होता. हिजरी सन २ मध्ये तो मक्केकडे वळला. ज्या सूरह बकरामध्ये हा आदेश आहे, त्याच सूरहमध्ये पुढे बजावले आहे की, पूर्वेला वा पश्चिमेला तोंड वळवणे एवढ्यानेच पुण्य होत नाही (२:१७७). अल्लाहवरील श्रद्धेबरोबरच धनाची प्रीती असूनही ते नातेवाईक, अनाथ आणि गरजूंना देणे, दिलेला शब्द पाळणे, हे तेथे पुण्याचे लक्षण म्हणून येते.

आता 'हरम' या शब्दाकडे वळू. जे आदरणीय आहे आणि म्हणूनच ज्याला धक्का लावण्यास मनाई आहे, ते हरम. मक्केच्या हरममध्ये शिकार करता येत नाही, आपोआप उगवलेले झाड तोडता येत नाही. वाटेत पडलेली वस्तूदेखील, तिच्या मालकाचा शोध घेण्याचा हेतू असल्याखेरीज, उचलता येत नाही. हिजरी सन १० मध्ये, अखेरच्या हजच्या प्रवचनात, प्रेषितांनी (स.) याच पावित्र्याला मापदंड केले. हा दिवस, हा महिना आणि हे शहर जितके पवित्र, तितकेच तुमचे रक्त आणि तुमची मालमत्ता परस्परांसाठी पवित्र आहे, असा त्या घोषणेचा आशय आहे. याचा अर्थ उघड आहे. बहिणीच्या वाट्याला मक्केइतकेच पावित्र्य आहे. तेथे रस्त्यावर पडलेले परके नाणे खिशात घालायला जो भितो, तो इथे बहिणीची जमीन निर्धास्तपणे कशी कसतो?

प्रेषितत्वापूर्वी कुरैशांनी काबागृहाची पुनर्बांधणी केली, तेव्हा त्यात केवळ शुद्ध कमाई घालायची असे त्यांनी ठरवले. ती अपुरी पडली, म्हणून हतीमचा भाग भिंतीबाहेर राहिला. मूर्तिपूजक असूनही त्यांनी अल्लाहचे घर अपुरे ठेवले, पण त्यात अवैध पैसा घातला नाही.

"पण तिने मागितलाच नाही," असे आपण म्हणतो. कित्येक बहिणी हक्कसोड पत्रावर सहीसुद्धा करतात. ती सही मनापासून असते, की माहेर तुटेल या धास्तीने? आधी वाटा तिच्या हाती द्यावा. नंतर तिने खुशीने परत दिला, तर ती देणगी. मुलीला मुलाच्या निम्मा वाटा अल्लाहने स्वतः ठरवून दिला आहे (सूरह निसा, ४:११). तो तिने मागावा अशी अट तेथे नाही.

मी चाचांना म्हणालो, "हजचे फर्ज अदा होईल, परंतु माणसाचा हक्क माणसालाच परत करावा लागतो. विमानात बसण्यापूर्वी बहिणीच्या घरी जाऊन या." ते बराच वेळ गप्प राहिले. मग दुआंचा कागद उलटा करून त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "यावर वाट्याचा हिशेब मांडून द्या."

त्या रात्री मला माझीच लाज वाटली. हजच्या श्रेष्ठत्वावर मी कितीतरी खुतबे दिले, वारसाहक्कावर मोजकेच. प्रेषितांचे साथीदार हजरत सलमान फारसी (रजि.) यांना हजरत अबू दरदा (रजि.) यांनी पवित्र भूमीत येण्याचे पत्राने निमंत्रण दिले, तेव्हा त्यांनी कळवले की, भूमी कोणालाही पवित्र करत नाही, माणसाला त्याचे कर्मच पवित्र करते.

अल्लाह आपणा सर्वांना आपल्या घराचे दर्शन घडवो, आणि तेथे जाण्यापूर्वी घरातल्यांचे हक्क अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.