वरचा थर

भाजी घेताना टोमॅटो अंगठ्याने दाबून पाहायची आपली सवय जुनी. कडक लागला की पिशवीत, मऊ लागला की परत ढिगात. पण आपल्याआधी तो कितीजणांच्या हातून गेलेला असतो! नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात व्यापारी वीस किलोच्या क्रेटमध्ये तळापर्यंत हात घालतो. शहरातल्या गाळ्यावर तेच क्रेट पुन्हा उलटं होतं. भाजीवाला माल घेऊन आला की त्याची निवड वेगळीच.

काढणीनंतर टोमॅटोचं नुकसान किती होतं, याचा नाबार्डच्या सल्लागार कंपनीच्या, म्हणजे नाबकॉन्सच्या, २०२२च्या अहवालातला आकडा आहे ११.६१ टक्के. त्याचं खापर आपण उन्हावर, रस्त्यांवर, शीतगृहांवर फोडतो. त्यात तथ्य आहेच. देशातली बहुतेक शीतगृहं तर बटाट्यानेच भरलेली असतात. पण या नुकसानीत एक वाटा अविश्वासाचाही आहे, आणि त्याला कुठलंही शीतगृह पुरणार नाही. वर टपोरा माल, खाली बारका, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून जो तो क्रेट उपसतो, त्यात माल दबतो; शिवाय घेणारा आधीच भाव पाडून बोलतो. मग तळापर्यंत एकसारखा माल भरणाऱ्यालाही तोच पडलेला भाव मिळतो. पुढच्या तोड्याला त्याने प्रतवारीची मजुरी का सोसावी? राज्याने २०१६ साली फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, बाजार समितीबाहेर विकायची वाट मोकळी झाली. क्रेट उलटं करणं काही थांबलं नाही.

नाशिकच्या निर्यातीच्या द्राक्षांचं मात्र निराळं. घड काढला की काही तासांत तो पूर्वशीतकरणाला जातो, शून्य अंशाजवळ येतो, आणि खोकं एकदा बंद झालं की समुद्र ओलांडूनच उघडायचं. २००६पासून ग्रेपनेट या नोंदणी-व्यवस्थेमुळे युरोपातल्या खोक्यावरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. खराबी निघाली तर कुणाला विचारायचं हे ठरलेलं असतं. आपल्या दारातली मेथीची जुडी कुणाच्या वाफ्यातली, ते तिला पाणी मारणाऱ्या भाजीवाल्यालाही सांगता येणार नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी हे सगळं जमतं, गावातल्यासाठी जमत नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. खर्चाचं कारण पुढे केलं जातं. पण क्रेटवर शेतकऱ्याचं नाव रंगवायला कितीसा खर्च येतो?

बाजारात मुरलेल्या आडत्याला काही नावं पाठ असतात. त्या नावाचं क्रेट लिलावात कुणी उपसत नाही. वरूनच बोली लागते, चार पैसे चढी लागते. असं नाव व्हायला शेतकऱ्याचे कितीतरी हंगाम जातात.