चाकांवरचे घर

कॅमडेनमधील आम्ही तीन मराठी कुटुंबांतील सहा जणांनी मागल्या उन्हाळ्यात एक मोटरहोम भाड्याने घेतले व चार दिवसांसाठी ग्रेट यार्मथच्या समुद्रकिनारी गेलो. झोपायला फळ्या, दोन शेगड्या, पाण्याची एक टाकी व सांडपाण्याची दुसरी, एवढाच संसार. पहिल्याच सकाळी आंघोळींत पाणी संपले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तांब्याने पाणी मोजू लागलो. एकाच्या घोरण्याने पाच जणांची झोप मोडे. पण रात्री पिठलंभात खाताना लाटांचा आवाज येई. माणसाला लागते ते किती थोडे, असे आम्ही एकमेकांना म्हणत होतो.

तेव्हा आमच्यातील एक वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, घराची किल्ली खिशात आहे म्हणून हे थोडे गोड लागते. ती नसती तर?"

तिसऱ्या रात्री पैसे वाचवावेत म्हणून आम्ही तंबूतळ सोडून किनाऱ्याजवळच्या वाहनतळावर गाडी लावली. सकाळी एका वृद्ध रहिवाशाने येऊन गाडी हलवण्यास सांगितले. आम्हांला राग आला. एवढी मोकळी जागा, आमचा कोणाला काय त्रास? परंतु आम्ही जाणार, उद्या दुसरे येणार, आणि त्याच्या खिडकीसमोर रोज गाडी उभी राहणार. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही निघालो, पण मनाला लागले ते लागलेच.

घरी परतल्यावर आम्ही रीजंट्स कालव्याच्या काठाने फिरायला गेलो. 1820 पासूनचा हा कालवा कॅमडेनमधून जातो. त्यावरील लांबट बोटींत काही जण हौसेने राहतात, तर काही घरभाडे परवडत नाही म्हणून. ज्यांना बोट बांधण्याची कायमची जागा नाही, त्यांना 1995 च्या कायद्याप्रमाणे सहसा 14 दिवसांहून अधिक एका ठिकाणी थांबता येत नाही. मुलांची शाळा व नोकरी तिथेच राहते. घर मात्र पुढे सरकते. आमचे हलणे ही मौज होती, त्यांचे हलणे ही अट आहे. कालव्यावर इतरांनाही जागा हवी, हे खरे. पण म्हणून त्यांची ओढाताण खोटी ठरत नाही.

चार्ल्स डिकन्स 1822 मध्ये, दहा वर्षांचा असताना, याच कॅमडेनच्या बेहम स्ट्रीटवर राहत होता. दोन वर्षांनी कर्जापायी त्याच्या वडिलांना तुरुंगात जावे लागले. घर विस्कटणे म्हणजे काय, हे त्याने लहानपणीच पाहिले. पुढे 'डेव्हिड कॉपरफील्ड' या कादंबरीत त्याने यार्मथच्याच वाळूवर एका जुन्या बोटीचे घर उभे केले. त्यातला कोळी पेगॉटी पोरका पुतण्या, पोरकी भाची आणि आपल्या मृत भागीदाराची विधवा, अशा तिघांना त्या बोटीत सांभाळतो. जागा थोडीच होती, पण त्याने ती करून दिली.

तेव्हा वाचकहो, थोडक्यात राहणे हा सद्गुण आहे काय? आम्हांला वाटते, नुसते तेवढ्याने नाही. सुट्टीला सुट्टीच म्हणावे, त्याग म्हणू नये. एका सकाळी "इथून हला" हे शब्द आम्हांला झोंबले. कालव्यावरील बोट पाहून कपाळाला आठी घालण्यापूर्वी ती सकाळ आम्हांला आठवली, तर वहिनींच्या प्रश्नाला थोडेतरी उत्तर दिल्यासारखे होईल.