बरणीतली चिठ्ठी

मेहकर, जि. बुलढाणा

चि. छकुलीस,

सरपंचपदाच्या आरक्षण सोडतीत चिठ्ठ्या काढायला तहसील कार्यालयात तुला बोलावलं, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं आणि ऊर भरून आला. ‘आजोबा, ही पण लॉटरीच का?’ असं तू विचारलंस म्हणे. हो बाळा, नशिबाचा भाग दोन्हीकडे सारखाच. पण तिकिटाची लॉटरी निराळी.

महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ ला सुरू झाली. लोकांनी मटक्याच्या नादी लागू नये आणि सरकारी तिजोरीत भर पडावी, हा हेतू. हिशेब असा समज: दहा रुपयांची एक लाख तिकिटं खपली, दहा लाख जमले. त्यातले पाच लाख बक्षिसांत वाटले, बाकी कमिशन, छपाई आणि तिजोरीत. म्हणजे दहाच्या तिकिटामागं सरासरी पाचच परत. एकाला घबाड लागतं खरं, पण दर आठवड्याला घेत राहणाऱ्याचे पैसे जातातच. तरुणपणी कपाशीच्या चुकाऱ्यातून मीही तिकिटं घेतली आणि तुझ्या आजीपासून लपवली. ती टोचणी अजून आहे.

लॉटरीच्या अशा पैशातून मोठी कामंही झालीत. कलकत्त्याचा टाउन हॉल १८१३ मध्ये लॉटरीच्या पैशावर उभा राहिला. पुढं तिथले रस्तेही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचा आरंभही तसाच, १७५३ साली. तरी मला वाटतं, रस्ता हवा तर कर घ्यावा. गरिबाच्या आशेवर बांधू नये.

तुझ्या चिठ्ठीत मात्र कुणाचा पैसा जात नाही. पंचायतींत आरक्षण ठेवणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे, आणि आपल्या राज्यात पंचायतींत निम्मी पदं बायांची. पण यंदा नेमकी कोणत्या गावाची? हे माणसांवर सोडलं तर प्रत्येक पुढारी आपलं गाव वगळायला सांगेल. म्हणून आधीचं आरक्षण, चक्रानुक्रम पाहायचा आणि उरलेलं चिठ्ठीवर सोपवायचं. प्राचीन अथेन्सचे लोकही न्यायसभेची माणसं अशीच निवडत, दगडी यंत्रात नावांच्या पट्ट्या घालून. लहान लेकराचा हात एवढ्यासाठीच, की त्याला कोणत्याच गावाशी देणंघेणं नाही.

बरणी आधी रिकामी दाखवली होती का? चिठ्ठ्यांच्या घड्या सारख्या होत्या का? ते लिही. आणि आपल्या गावाचं काय निघालं, तेही कळव.

तुझा,
आजोबा