तेराव्या मजल्यावरचं बक्षीस

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं एक छोटं गाव आहे. तिथं गॅरी गायगॅक्स नावाचा माणूस राहत होता. विमा कंपनीतली नोकरी सुटलेली, पदरात मुलंबाळं. जोडे दुरुस्त करून संसाराला हातभार लावायचा. वेड मात्र एकच, खेळांचं. १९७२ साली त्यानं एका पडक्या किल्ल्याखालची भुयारं कागदावर आखली, किल्ल्याला ग्रेहॉक असं नाव दिलं आणि आपल्या दोन मुलांना समोर बसवलं.

या खेळात शेवटचं घर असलेला पट नव्हता. समोर अंधारी वाट आहे, डावीकडून काहीतरी सरपटल्याचा आवाज येतोय, एवढं बापानं सांगायचं. आपण काय करतो ते मुलांनी सांगायचं. जिथं शंका येईल तिथं फासे टाकायचे. एर्नीनं टेन्सर नावाचा जादूगार घेतला, इलीसनं अहलिसा नावाची पुजारीण. पहिल्याच दिवशी दोघं राक्षसांशी झुंजली आणि त्यांना एक पेटी सापडली. आत तांब्याची ३,००० नाणी! पण पेटी इतकी जड की ती नेता येईना. पोरं हिरमुसली. (पुढे १९७८ च्या नियमपुस्तकात टेन्सरच्याच नावाचा एक मंत्र आला. तो म्हटला की हवेत तरंगणारी तबकडी तयार होते आणि ओझं वाहून नेते. मला हा योगायोग फार आवडतो.) मुलं झोपायला गेली आणि बाप लगेच दुसरा मजला आखायला बसला.

त्या दिवशी कोण जिंकलं?

हा प्रश्न या खेळाला जन्माआधीपासून चिकटलेला आहे. १९६९ मध्ये मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणानं नेपोलियनच्या काळातल्या एका गावाचा डाव मांडला. सैन्यं गावाकडे येणार, लढाई होणार, निकाल लागणार, असा त्याचा बेत. खेळाडू अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आले, म्हणून त्यानं प्रत्येकाला गावातली एकेक भूमिका आणि एकेक हेतू देऊन टाकला. मग जो तो आपापल्या उद्योगाला लागला, कानाकोपऱ्यात जाऊन कुजबुजू लागला. सैन्यांची गाठ पडलीच नाही. डाव पुरता फसला असं वेस्लीला वाटलं. खेळाडूंना मात्र तो पुन्हा हवा होता. त्यांच्यातल्याच डेव्ह आर्नेसननं पुढे ब्लॅकमूर नावाचं आपलं जग रचलं, ते गायगॅक्सला खेळून दाखवलं, आणि त्यातूनच ग्रेहॉक उभा राहिला. १९७४ साली या दोघांच्या नावानं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापला गेला. पहिल्या छपाईत १,००० संच निघाले. १९८१ च्या नवशिक्यांसाठीच्या पुस्तकात तर स्पष्टच सांगितलं आहे, की या खेळात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही.

पण ग्रेहॉकमध्ये खेळणाऱ्यांना जिंकायचं होतंच. का नसावं? भुयारं खोल होत गेली, १३ मजल्यांपर्यंत पोहोचली. जितकं खाली जावं तितके राक्षस भयंकर आणि खजिना मोठा. लढवय्यानं पुढं राहायचं, जादूगारानं मागून मंत्र टाकायचे, जखमांवर पुजाऱ्यानं इलाज करायचा. म्हणून शहाणे लोक टोळीनंच उतरत. रॉब कुन्ट्झ हा गावातलाच तरुण. त्याच्या योद्ध्याचं नाव रॉबिलार. एकदा रॉबिलार एकटाच उतरला.

आणि पोहोचला. सगळ्यांच्या आधी, कोणाच्या मदतीशिवाय, थेट तेराव्या मजल्यावर. तिथं ही सगळी भुयारं बांधणारा वेडा महाजादूगार झॅगिग बसला होता. एवढ्या पराक्रमाचं बक्षीस काय असावं? झॅगिगनं रॉबिलारला एका अजस्र घसरगुंडीवरून पृथ्वीच्या पोटातून पार जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवून दिलं. तिथून घरापर्यंतची वाट त्यानं एकट्यानं चालायची होती.

गायगॅक्सनं हे केवळ गमतीनं केलं असं मला वाटत नाही. सोन्याची रास दिली असती तर किल्ला संपला असता. रॉबिलारच्या हाती एक लांबच लांब रस्ता आला, आणि रॉबच्या हाती पुढचा खेळ. पहिला आल्याचा मान खराच होता, तो कोणी नाकारला नाही. फक्त तो मिरवायला जवळपास कोणी नव्हतं.

आता इकडची गोष्ट. रॉबिलार दिसत नाही, हे टेन्सरच्या लक्षात आलं. टेन्सर म्हणजे तोच एर्नी, गायगॅक्सचा शाळकरी मुलगा. त्या वेळच्या नियमांत अनुभवाचे गुण मिळत ते राक्षस मारल्याबद्दल आणि खजिना मिळवल्याबद्दल. हरवलेल्या सोबत्याला शोधायला गेलं, तर त्याबद्दल एकही गुण नव्हता. फाशांनी घात केला तर जपून वाढवलेलं पात्र कायमचं जाण्याची शक्यता मात्र पुरेपूर होती. तरी टेन्सर उतरला, एकेक मजला पार करत तेराव्यावर पोहोचला, आणि झॅगिगनं त्यालाही घसरगुंडीवरून जगाच्या दुसऱ्या टोकाला धाडलं.

त्या किल्ल्यातली सगळ्यात मोठी मजल कोणाची, असं मला कोणी विचारलं तर मी टेन्सरचं नाव घेईन. तो दुसरा आला म्हणून त्याची मजल तसूभरही कमी होत नाही.

रॉबचा भाऊ टेरी टेरिक नावाच्या पात्रानं खेळत असे. आपले नेहमीचे दोन्ही सोबती दिसेनासे झालेत हे त्याला उमगलं. तळाशी सोनं नाही, घसरगुंडी आहे, हे त्याला सांगायला कोणी परत आलं नव्हतं. तोही भुयारात शिरला आणि तेराव्या मजल्यावर पोहोचलेला तिसरा आणि शेवटचा खेळाडू ठरला.