तहनाम्यातील हेतू

श्रीरामपूरजवळ बेलापुरास भेटणारी प्रवरा पुढे नेवाशास जाते, आणि रणांगणावर सांगितलेल्या गीतेचे तिथेच शके 1212 मध्ये ज्ञानदेवांनी मराठीत निरूपण केले. म्हणून युद्धामागील हेतूंचा प्रश्न आम्हां प्रवराकाठच्या माणसांस परका नाही. गीतेचा आरंभच धृतराष्ट्राच्या ‘माझे’ आणि ‘पांडूचे’ या भेदाने होतो, आणि मला वाटते, युद्धाचे बीज त्या भेदात असते. उदात्त कारणे मागाहून शोधली जातात.

आमच्याच जिल्ह्यातील नगरचा किल्ला पाहावा. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली व तिच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख तोडून दिला. पुढे 12 ऑगस्ट 1803 रोजी जनरल वेलस्लीने शिंद्यांकडून हा किल्ला घेतला, तेव्हा पुकारा पेशव्यांच्या मसनदीच्या रक्षणाचा होता, परंतु त्याच वर्षीच्या मे महिन्यात युरोपात इंग्रज व फ्रेंच यांचे युद्ध पुन्हा पेटले होते, आणि शिंद्यांच्या पदरी फ्रेंच सरदारांनी तयार केलेली कवायती पलटणे होती. वर्षअखेरीस सुर्जी-अंजनगावच्या तहात, शिंद्यांनी फ्रेंचांस चाकरीस ठेवू नये, असे कलम पडले. झाकलेला हेतू तिथे कागदावर उतरला! दूरच्या दोन सत्तांच्या वैराची झळ मात्र इथल्या निरपराध रयतेने सोसली.

गीतेने लोभास नरकाच्या तीन द्वारांत गणले आहे. म्हणून वाचकहो, कोणीही धर्मयुद्धाचा पुकारा केला, तर मुलूख कोणाच्या पदरात पडणार, हे आधी विचारा.