चढ चालायचा असतो

उल्हासनगर, अंबरनाथ मागे टाकून लोकल बदलापूरकडे निघाली की उजव्या हाताला मलंगगड, तावली, चंदेरीची रांग दिसू लागते. ती पाहिली की मला पुण्याकडची एसआरटी अल्ट्रा ही धावण्याची शर्यत आठवते. सिंहगड, राजगड, तोरणा. पन्नास किलोमीटरहून जास्त डोंगरवाट!

मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची, त्यापुढचं अंतर म्हणजे अल्ट्रा. पण इथे खरा कस लागतो तो चढउतारांवर. तोरणा 1403 मीटर उंच. अशा खड्या चढावर कसलेले धावपटूही चक्क चालतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ही समज मला फार मोलाची वाटते. मांड्या भरून येतात त्या उतरताना. पावलागणिक शरीराचा भार रोखताना ताणलेल्या स्नायूंचे तंतू दुखावतात. घाम गाळत तासन्‌तास नुसतं पाणीच पीत राहिलं, तर रक्तातलं मीठ घटून जिवावर बेतू शकतं. म्हणून सोबत मीठही हवं.

येत्या रविवारी चिंचवलीहून चंदेरीची वाट धरणार असाल, तर चढावर खुशाल चाला. उतरताना पावलं लहान टाका, घसाऱ्यावर घाई नको.